गाइड टक्कन बसला, तरी

मावशींची खानावळ आहे. वय ५६. दोन वेळचे मिळून साठ-सत्तर डबे जातात, त्यामुळे दिवसभर काही ना काही चाखणं हे त्यांचं कामच, आणि चावायची मात्र बोंब. खालच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा, आम्हा दातांच्या डॉक्टरांच्या भाषेत ४६ आणि ४७ नंबर, आठ वर्षांपूर्वी काढलेल्या. मागची अक्कलदाढ त्याच्याही आधी गेलेली. "सगळा संसार डाव्या बाजूनं चाललाय मॅडम, आता ती पण कुरकुरायला लागली," असं म्हणत त्या खुर्चीत बसल्या.

दोन इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू, बसवणं आता तालुक्याच्या गावीही रोजचं काम झालं आहे, त्यात लिहिण्यासारखं फार नाही. हे प्रकरण लिहितेय ते शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीसाठी. संगणकावरची योजना, ड्रिलला वाट दाखवायला छापून आलेला गाइड आणि तो गाइड तोंडात बसतो कसा, हे तिन्ही एकमेकांशी पक्कं जुळत होतं आणि तरीही चूक होती. मावशींची परवानगी घेतली आहे, आणि त्यांची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही.

तपासणी

मधुमेह सात वर्षांचा, गोळ्या चालू, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, ७.२. रक्तदाब ठीक. मशेरी दिवसातून दोनदा. ज्यांच्याकडे ही चाल नाही त्यांच्यासाठी सांगते: तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटतात आणि ती पूड बोटानं दातांना, हिरड्यांना चोळतात. आमच्याकडच्या कितीतरी बायकांच्या लेखी ती दात घासायची वस्तू आहे, व्यसन नाही. त्यामुळे 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला त्या अगदी खरेपणानं 'नाही' म्हणतात. 'मशेरी लावता का' असं नाव घेऊनच विचारावं लागतं. मावशींच्या पुढच्या दातांवरच्या हिरड्या उतरल्या होत्या, पण दात हलत नव्हते आणि गालाच्या आत कुठे चट्टा नव्हता. मशेरी सुटल्याशिवाय मी हत्यार उचलणार नाही, असं त्यांना सांगितलं. दीड महिना लागला. तेवढ्यात दातांची साफसफाईही उरकली.

उजवीकडे ४४ आणि ४५ वर धातूवर सिरॅमिक चढवलेल्या जुन्या कॅप होत्या. डावीकडे ३६ वर अख्खी धातूची. हे तीन धातूचे तुकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यापाशी परत यायचं आहे. वरच्या उजव्या दाढा, समोर कोणी अडवायला नाही म्हणून, आठ वर्षांत दीड-दोन मिलिमीटर खाली उतरलेल्या.

ब्रिज, म्हणजे पुढच्या-मागच्या दातांच्या आधारानं बसवलेले दात, करायचा तर मागे आधाराला दात नाही. काढता-घालता येणारा दातांचा तुकडा त्यांनी एकदा करून घेतला होता. तो मसाल्याच्या डब्याशेजारी एका डबीत असतो, हे त्यांनीच हसत सांगितलं. राहता राहिले इम्प्लांट.

हाड किती आहे

ओपीजी म्हणजे जबडा पसरून दाखवणारा एक्स-रे. तो प्रतिमा मोठी करतो, ढोबळमानानं पाव पट, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. हाडाची उंची त्यातून अंदाजानं कळते, जाडी कळतच नाही. खालच्या जबड्याच्या मागच्या भागात हे अंगाशी येतं. तिथे हाडाच्या पोटातून एक नळी जाते आणि तिच्यात खालच्या ओठाची व हनुवटीची संवेदना वाहणारी नस असते. त्याच भागात जिभेच्या बाजूनं हाड आत दबलेलं असतं, कारण खालची लाळग्रंथी तिथे त्या खोबणीला टेकते. ड्रिल खोल गेलं तर नस, आतल्या अंगाला तिरकं गेलं तर जिभेखालच्या रक्तवाहिन्या. नस दुखावलेल्या माणसाचा ओठ बधिर राहतो. चहा हनुवटीवरून ओघळला तरी त्याला दुसऱ्यानं सांगावं लागतं. काहींची संवेदना परत येते, काहींची येत नाही. जिभेखालचा रक्तस्राव मात्र श्वासावर बेतू शकतो.

म्हणून सीबीसीटी काढायला जिल्ह्याच्या गावी पाठवलं. यात शंकूच्या आकाराचा क्ष-किरणांचा झोत डोक्याभोवती एक फेरी मारतो आणि जबड्याचा तिन्ही मितींतला नकाशा मिळतो. आमच्या स्कॅनमध्ये नकाशाचा एक ठिपका ०.२ मिमीचा होता. हाडाच्या कडेपासून नळीच्या छतापर्यंत ४६ च्या जागी १३.६ मिमी, ४७ च्या जागी १२.३ मिमी. रुंदी पुरेशी. ४७ च्या जागी जिभेकडची खोबण चांगलीच खोल, ओपीजीवर जिचा मागमूसही नव्हता.

जाता जाता एक सांगते. नियोजनाची बरीचशी सॉफ्टवेअर हाडावर हिरवे-पिवळे रंग टाकून त्याची घनता सांगायला बघतात. सीबीसीटीतली करडी छटा यंत्रागणिक आणि तोंडातल्या जागेगणिक बदलते, दवाखान्यातल्या मोठ्या सीटीसारखा तिच्या आकड्यांवर विसंबून निर्णय घेता येत नाही. मी ते रंग बंदच ठेवते. हाड कडक आहे की भुसभुशीत, हे पहिलं ड्रिल हाताला सांगतं.

दोन फायलींचं लग्न

सीबीसीटीतून डायकॉम फाइल मिळते. तिच्यात हाड दिसतं, नळी दिसते, पण दातांचा पृष्ठभाग ओबडधोबड येतो आणि हिरडी जवळपास दिसतच नाही. दुसरी फाइल तोंडात स्कॅनरची कांडी फिरवून मिळते, तिला एसटीएल म्हणतात. तिच्यात दात आणि हिरडी लख्ख असतात, खाली काय दडलंय याचा मात्र तिला पत्ता नसतो. डिजिटल नियोजन म्हणजे मुळात या दोन फायली एकमेकींवर बरोबर चढवणं. आधी दाढेचा आकार आणि चावा ठरवायचा, मग त्या दाढेखाली इम्प्लांट उभा करायचा, नळी रंगवून घ्यायची, शेवटी गाइडची रचना करायची. दिसायला हेच काम मोठं दिसतं. पण ते सगळं त्या जोडणीवर उभं असतं आणि जोडणीला पाच मिनिटं लागतात.

हे काम मी बाहेरून करून घेते. डिझायनर दुसऱ्या शहरात बसतो, आम्ही स्क्रीन समोर ठेवून बोलतो. उतरलेल्या वरच्या दाढा जमेस धरून खालच्या दाढांची उंची ठरवली. दोन्ही जागी ४.२ मिमी व्यासाचे, १० मिमी लांबीचे इम्प्लांट, वरचं टोक हाडाच्या कडेशी सपाट. म्हणजे नळीपासून ४६ ला ३.६ मिमी आणि ४७ ला २.३ मिमी अंतर.

नळीपासून किमान २ मिमी सोडायचे, हा आमच्या धंद्यातला पाठ केलेला नियम. त्यामागचं कारण आकड्यांतच आहे. गाइड वापरून बसवलेल्या इम्प्लांटचा एक एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वीस क्लिनिकल अभ्यास, ४७१ रुग्ण, २,२३८ इम्प्लांट. त्यात ठरवलेली जागा आणि प्रत्यक्षातली जागा यांत सरासरी फरक इम्प्लांटच्या तोंडाशी, म्हणजे वरच्या कडेला, १.२ मिमी, खालच्या टोकाशी १.४ मिमी आणि कोनात ३.५ अंश निघाला. हा फरक सगळं नीट पार पडल्यावरचा, आणि तोही सरासरी. शिवाय पुष्कळशा ड्रिलचं निमुळतं टोक खुणेच्या पुढे अर्धा ते एक मिलिमीटर जातं. १० मिमी लिहिलेलं ड्रिल १० मिमीवर थांबेलच असं नाही. कंपनीच्या पुस्तिकेत ते बारीक अक्षरात दिलेलं असतं.

डिझायनरनं योजना पाठवली. जोडणीच्या पानावर हिरवी खूण आणि सरासरी फरकाचा एक छोटासा, समाधान देणारा आकडा. मी दोन्ही इम्प्लांट फिरवून पाहिले, नळीपासूनचं अंतर पाहिलं, 'मंजूर' दाबलं. जोडणी मी पाहिली नाही. हिरव्या खुणेला मान देऊन पुढे गेले.

गाइड येतो

गाइड म्हणजे दातांवर टोपीसारखी बसणारी, पारदर्शक रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापलेली पट्टी. इम्प्लांटच्या जागी तिच्यात धातूची कडी असते. ड्रिल त्या कडीतूनच जातं, कडी नेईल त्या दिशेनं आणि अडवेल तिथपर्यंत. गाइड नीट टेकला की नाही हे कळावं म्हणून दातांवर छोट्या चौकोनी खिडक्या ठेवतात. खिडकीतून दाताचा उंचवटा प्लास्टिकला भिडलेला दिसायला हवा.

मावशींना शस्त्रक्रियेच्या आठ दिवस आधी नुसता गाइड घालून बघायला बोलावलं. पाच खिडक्या, पाचही ठिकाणी उंचवटा भिडलेला. मागच्या टोकाला बोटानं दाबलं तरी पुढून उचलला जात नव्हता. मागे दात नसताना गाइड असा स्थिर राहणं ही सोपी गोष्ट नाही. बसताना टक्कन आवाज आला. मी खूश.

त्याच बैठकीत हिरडीची जाडी मोजली, कारण चीर कुठे द्यायची ते ठरवायचं होतं. पद्धत जुनी आहे. थोडी भूल द्यायची, रूट कॅनालच्या बारीक कानशीला असतो तो रबरी स्टॉपर एका सुईवर चढवायचा, सुई हिरडीतून हाडाला टेकेपर्यंत घालायची आणि स्टॉपरपर्यंतची लांबी पट्टीवर मोजायची. ४७ च्या जागी २.५ मिमी. केसपेपरवर लिहिलं आणि विसरले.

आदली रात्र

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ दिली होती. रात्री जेवणं झाल्यावर मी ट्रेची यादी करायला बसले. कोणतं ड्रिल कोणत्या लांबीचं, कोणत्या क्रमानं. लांबी उतरवून घ्यायला योजना उघडली आणि ४७ चा छेद समोर आला. खाली हाडाची पांढरी कड, वर एसटीएलची निळी रेष म्हणजे हिरडीचा पृष्ठभाग. सहज चाळा म्हणून दोन्हींतलं अंतर मोजलं. ३.८.

शेजारी केसपेपर. २.५.

पहिल्यांदा वाटलं, त्या दिवशी सुई तिरकी गेली असेल. मग लक्षात आलं की सुई तिरकी गेली तर आकडा वाढतो, कमी होत नाही. हाडाला टेकायच्या आधीच कुठे अडकली म्हणावं, तर टेकल्याचा कडक ठोका बोटाला लागतो, तो लागलेला आठवत होता.

मग मी तो छेद सोडून पूर्ण कमान फिरायला लागले, एकेका दातापाशी थांबत. डाव्या सुळ्यापाशी निळी रेष दाताच्या कडेवर बसायच्या ऐवजी इनॅमलच्या आत शिरलेली. पुढच्या दातांपाशी जेमतेम बरोबर. उजव्या ४५ पाशी काही सांगता येईना, तिथे कॅपच्या धातूनं सगळीकडे पांढऱ्या तिरिपा फेकल्या होत्या. आणि त्याच्या मागे रेष हवेत. मापात न शिवलेला सदरा एका खांद्यावर घट्ट आणि दुसऱ्यावर लोंबता असतो, तसा एसटीएल डायकॉमवर बसला होता.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. जोडणीची नोंद फाइलमध्ये असते. डिझायनरनं तीन खुणेचे बिंदू निवडले होते: एक ४५ च्या कॅपवर, एक डाव्या ३६ च्या कॅपवर आणि एक पुढच्या दातावर. एका अर्थी स्वाभाविकच, कारण धातूचे कोपरे स्कॅनमध्ये सगळ्यात ठळक दिसतात. पण धातू सीबीसीटीत फुगतो, आहे त्यापेक्षा मोठा आणि वेडावाकडा दिसतो. तीनपैकी दोन खुंट्या चिखलात ठोकल्यासारखं झालं. सॉफ्टवेअरनं नंतर आपल्या परीनं जुळवून घेतलं आणि सगळ्या कमानीच्या फरकाची सरासरी काढून हिरवी खूण दिली. पुढे फरक ०.३ मिमी, मागे ४७ ला १.३ मिमी. उजवीकडे ४५ च्या मागे दातच नसल्यामुळे तिथला फरक त्या सरासरीत धरलाच गेला नव्हता.

आता हे तोंडात काय करतं ते पाहा. पडद्यावर इम्प्लांट हाडाच्या हिशेबानं बरोबर जागी आहे, नळीच्या २.३ मिमी वर. पण गाइड तयार होतो एसटीएलवर, आणि एसटीएल पडद्यावर मागच्या बाजूला १.३ मिमी उचललेला. प्रत्यक्षात गाइड खऱ्या दातांवर, खऱ्या उंचीवर बसणार, म्हणजे पडद्यापेक्षा १.३ मिमी खाली. कडी खाली, म्हणजे ड्रिलही तेवढंच खाली. २.३ मधून १.३ गेले की उरला १ मिमी. त्यातून ड्रिलच्या टोकाचा वाटा काढा, गाइडचा नेहमीचा फरक काढा. शिल्लक काही राहत नाही.

आणि गाइड टक्कन बसला होता. बसणारच. तो ज्या एसटीएलवरून छापला ती फाइल मावशींच्या दातांची अगदी तंतोतंत होती. चूक दात आणि हाड यांच्या नात्यात होती, आणि गाइडला हाड माहीतच नसतं. त्या पाच खिडक्यांतून मी जे पाहून खूश झाले ते खरं होतं, फक्त त्याचा नसेशी काही संबंध नव्हता.

हे आधी का दिसलं नाही, तर स्कॅन करताना गाल आणि जीभ हिरडीला चिकटून होते. मधे हवा असती तर हिरडीची रेष सीबीसीटीतही दिसली असती आणि निळी रेष तिच्याशी ताडता आली असती. त्यासाठी गालाशी आणि जिभेशी कापसाचे बोळे ठेवून स्कॅन करा, एवढं चिठ्ठीवर लिहायचं असतं. मी लिहिलं नव्हतं. डिझायनरशी मी दुसऱ्या दिवशी बोलले. त्यानं न वळसे घेता चूक मान्य केली, मीही माझी केली. नस मात्र 'मंजूर' दाबणारीच्या नावावर जाते.

मावशींना फोन

सकाळी सातला फोन केला. त्यांनी दोन दिवस खानावळ बंदची पाटी लावली होती, डबेवाल्यांना सांगून ठेवलं होतं, सुनेला माहेराहून बोलावून घेतलं होतं. आज करत नाही, असं मी सांगितलं आणि का ते जसंच्या तसं सांगितलं. मोजमापात चूक होती, काल रात्री सापडली, नसेच्या फार जवळ गेलो असतो.

थोडा वेळ पलीकडून नुसता कुकरच्या शिट्टीचा आवाज. मग म्हणाल्या, "म्हंजे चपाती करपायच्या आत उलटली म्हणायची." आणि फोन ठेवता ठेवता, "पाटी काय मी काढत न्हाई. दोन दिवस झोपून घेते."

एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग गाइड सोड, सरळ हातानं कर. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, तेव्हा ना सीबीसीटी होता ना गाइड, आणि त्या रुग्णानं ते २००६ मध्ये मरेपर्यंत वापरले. हाड टायटॅनियमला धरतं ते संगणकाला विचारून धरत नाही. पण त्या काळातली बहुतेक कामं खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात होत, जिथे ही नळी आडवी येत नाही. ४७ च्या जागी, जिभेकडे खोबण असताना, कोन हाताच्या अंदाजावर सोडायला मी तयार नव्हते.

पुन्हा पहिल्यापासून

या वेळी धातूवर अवलंबून राहायचंच नाही, असं ठरवलं. मावशींच्या दातांच्या मॉडेलवर प्लास्टिकची पातळ पट्टी दाबून घेतली आणि तिच्यावर कॉम्पोझिटचे, म्हणजे दात भरायच्या पांढऱ्या मसाल्याचे, सहा ठिपके लावले, तीन दातांच्या भागावर, तीन मागच्या मोकळ्या हिरडीच्या भागावर. कॉम्पोझिट एक्स-रेत दिसतं आणि धातूसारखं फाकत नाही. पट्टी तोंडात घालून आधी स्कॅनरनं स्कॅन केलं, मग पट्टीसकट सीबीसीटी, फक्त लागेल तेवढ्याच क्षेत्राचा, आणि चिठ्ठीवर ठळक अक्षरात: कापसाचे बोळे ठेवावेत. त्यांना पुन्हा किरण द्यायचे म्हणून मी दोन दिवस घुटमळले होते. शेवटी बधिर ओठापेक्षा हे बरं, असं ठरवलं. दुसऱ्या स्कॅनचे आणि दुसऱ्या गाइडचे पैसे त्यांच्याकडून घेतले नाहीत.

सहाही ठिपके एकमेकांवर बसले. ४७ च्या छेदात हिरडी २.६ मिमी निघाली, सुईच्या आकड्याला एका रेषेच्या फरकानं लागून. ४६ ला १० मिमीचाच इम्प्लांट ठेवला. ४७ ला ८ मिमीचा घेतला. १० चा मावत होता, पण मागे आधार नसलेला गाइड जरासा जरी दबला तरी ते अंतर खाणार, आणि ८ मिमीचे इम्प्लांट आता नेहमीच्या वापरातले झाले आहेत. नळीपासून ४.३ मिमी.

आणखी एक गोष्ट पहिल्या खेपेला राहून गेली होती, ती या वेळी केली. गाइड तोंडात घालून, हँडपीसला, म्हणजे ड्रिल फिरवणाऱ्या दांड्याला, सगळ्यात लांब ड्रिल लावून, तोंडात नेऊन बघितलं. कडीची उंची, ड्रिलची लांबी, वरून उतरलेल्या दाढा. ४६ ला गेलं. ४७ ला वरच्या दाढेला अडून ड्रिल कडीत सरळ शिरेना. पडद्यावर वरचा जबडा लपवून ठेवलेला असतो, तिथे तोंड कायम आ वासलेलं. वरच्या दाढांचे उंचवटे थोडे घासले तरी पुरेना. मग ठरलं: ४७ ला पहिलं, आखूड ड्रिल तेवढं गाइडमधून न्यायचं, दिशा पकडायची आणि बाकीचं मोकळ्या हातानं.

शस्त्रक्रिया

मशेरी बंद होती की नाही, हे बोटांच्या वासावरून कळतं. बंद होती. सकाळची साखर १३४. गाइड ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात, घातला नाही, त्या रेझिनला उष्णता चालत नाही, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे जंतुनाशकात बुडवून घेतला. भूल दोन टक्के लिग्नोकेन, ॲड्रेनॅलिनसह.

चीर देऊन हिरडी उचलली. गाइडच्या जाहिरातींत न कापता, हिरडीला भोक पाडून काम केलेलं दाखवतात. इथे कडक हिरडीचा पट्टा अरुंद होता, तो भोकात घालवणं परवडणारं नव्हतं. शिवाय मला हाड डोळ्यांनी बघायचं होतं, आता तर जास्तच.

गाइड वापरताना पाण्याकडे लक्ष द्यावं लागतं. ड्रिल कडीच्या आत फिरतं, त्यामुळे हँडपीसमधून येणारं सलाइन कडीवरच उडून जातं आणि हाडापर्यंत कमी पोचतं. हाड ४७ अंश सेल्सियसच्या वर मिनिटभर तापलं तर त्याला इजा होते, असं सशांवरच्या प्रयोगांतून १९८० च्या दशकातच दिसून आलं आहे. म्हणून मदतनीस मुलगी गार सलाइनची सिरिंज घेऊन कडीच्या खालून पाणी मारत होती आणि मी दर दोन-तीन सेकंदांनी ड्रिल बाहेर काढत होते.

दोन्ही जागी पहिलं ड्रिल झाल्यावर थांबले. ड्रिलनं पाडलेल्या भोकात खुणेची सळी ठेवून छोटा एक्स-रे घेतला. योजनेत ही पायरी नव्हती, मी घातली. ४७ ची सळी नळीच्या बऱ्याच वर, सरळ. मग पुढचं. ४६ चा इम्प्लांट ३५ न्यूटन सेंटिमीटरला घट्ट बसला, ४७ चा २५ ला. ४७ चं हाड मऊ लागलं. दोन्हींवर झाकणाचे स्क्रू लावून हिरडी शिवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला प्रश्न, "ओठ जागा झाला का?" मावशी म्हणाल्या, "कालच रातच्याला झाला. चहानं भाजला सुद्धा."

नंतर

टाके आठव्या दिवशी काढले. साडेतीन महिने थांबलो, मधुमेह आणि ४७ चं मऊ हाड बघता घाई नको होती. मग झाकणं काढून इम्प्लांटवर स्कॅनची दांडी बसवली, स्कॅनरनं स्कॅन घेतलं आणि स्क्रूवर बसणाऱ्या झिर्कोनियाच्या दोन दाढा केल्या.

त्याच स्कॅनवरून योजना आणि प्रत्यक्ष यांतला फरक काढता येतो, पुन्हा किरण न देता. ४६ ला तोंडाशी ०.८ मिमी, कोन २.६ अंश. ४७ ला, अर्धं काम हातानं झाल्यामुळे, १.३ मिमी आणि ५ अंश. दाढा बसायला दोन्ही चालण्यासारखे. हे आकडे परिसंवादात दाखवायला छान आहेत. पण ही तुलना एसटीएलची एसटीएलशी आहे. पहिल्या, चुकलेल्या योजनेनं काम केलं असतं तरी हे आकडे असेच सुरेख आले असते, ओठ बधिर होऊनही. नसेपासूनचं खरं अंतर त्या दिवशी सळी ठेवून काढलेल्या एक्स-रेमध्ये आहे, तो मी केसपेपरला जोडून ठेवलाय.

मावशी सहा महिन्यांनी साफसफाईला आल्या. मशेरी दोनदा सुरू झाली होती, दोनदा सोडली, असं स्वतःच कबूल केलं. उजवीकडून शेंगदाणे चावून दाखवले. जाताना टेबलावरचा पहिला गाइड त्यांनी उचलला आणि विचारलं, हा कशाला ठेवलाय. मी तो त्यांच्याच दातांच्या मॉडेलवर ठेवून अंगठ्यानं दाबला. टक्कन बसला.